दोन पाटलांची अमेरिका

सहदेव माळ्यानं एकदा तोंड उघडलं आणि अख्खं धानोरी गाव अमेरिकेत नेऊन सोडलं. नेताना काहीच कष्ट पडले नाहीत. परत आणायला मात्र सव्वा वर्ष लागलं, आणि तेही सगळं गाव परत आलं की नाही, हे खात्रीनं सांगता येत नाही.

सन अठराशे चौसष्टचा उन्हाळा. धानोरी अमरावतीपासून दोन कोसांवर. दिवस कलला की पारावर माणसं जमत आणि सहदेव त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. तसा तो वांगी, मिरच्या आणि झेंडू पिकवणारा माणूस. पण लहानपणी अकोल्याला मामाकडे राहून सरकारी शाळेत तीन वर्षं गेला होता, तेवढ्या भांडवलावर गावानं त्याला ‘मास्तर’ करून टाकलं होतं. पगार नव्हता. मान होता, म्हणजे रोज पारावर सगळ्यांच्या आधी यायचं आणि सगळ्यांच्या शेवटी जायचं.

वर्तमानपत्र मुंबईचं. अकोल्यापर्यंत आगगाडी आली होती. कापसाच्या गाड्या तिथं माल उतरवून परत येताना अमरावतीच्या आडत्यांसाठी टपाल आणत. अशाच एका आडत्याचा मुनीम वाचून झालेले अंक सहदेवला देई आणि बदल्यात वांगी घेई. ताज्या खबरेला शेरभर, शिळ्या खबरेला दोन नग. सहदेवच्या बायकोचं म्हणणं असं की शिळी वांगी देऊन ताजी खबर आणणारा नवरा मिळता तर संसाराचं सोनं झालं असतं.

आणि खबर तरी कसली! अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई पेटलेली, तिकडचा कापूस अडकलेला, विलायतेच्या गिरण्या उपाशी. म्हणून वऱ्हाडच्या कापसाला असा भाव आलेला की जन्मात कोणी ऐकला नव्हता. ज्यानं कधी जोडा घातला नाही तो आता घोड्यावर बसून अमरावतीला जात होता. त्यामुळे अमेरिका कुठं आहे हे ठाऊक नसलेली माणसंसुद्धा तिथली लढाई संपू नये म्हणून मारुतीला नारळ फोडत.

त्या दिवशी म्हाताऱ्या नत्थुजीनं विचारलं, “सहदेवा, रोज वाचतं, उत्तरवाले अन् दक्षिणवाले. हे हायत तरी कोन बे? इंग्रज का मोंगल?”

सहदेवनं तटांची हकीकत सांगायला सुरुवात केली. पण दोन वाक्यांतच लोक जांभया द्यायला लागले. मग त्याला वाटलं, घरचं उदाहरण द्यावं.

“सोपं हाय, नत्थुजी. उत्तर म्हंजे वरच्या आळीतले आपले भगवंतराव पाटील. दक्षिण म्हंजे नदीकडचे महादेवराव पाटील. आजा एकच, पन आता एका छपराखाली राहाले तयार नाईत.”

पार असा हसला की वरचे पोपट उडाले. भगवंतराव आणि महादेवराव चुलतभाऊ. त्यांचं पटत नाही हे गावाला ठाऊक होतं, पण असं तोंडावर कोणी म्हणत नसे. हशा मिळाला की माणसाची अक्कल दोन पावलं मागं राहते. सहदेव त्याच ठसक्यात पुढं वाचत गेला आणि पुढचं वाक्य वाचून झाल्यावरच त्याला कळलं की ते वाचायचं नव्हतं: दक्षिणवाले काळी माणसं बाजारात विकत घेतात, कपाशीत राबवतात आणि चाबकानं मारतात.

महादेवरावांचा गडी उभा राहिला. “म्हंजे आमचे पाटील मानसं इकत घेतेत काय जी?”

“तसं नाई रे...”

“मंग कसं?”

दुसऱ्या दिवसापासून गावात पाटील उरले नाहीत. उत्तर आणि दक्षिण उरली. अमेरिकेत उत्तरवाल्यांनी एखादं शहर घेतलं की वरच्या आळीत साखर वाटत. दक्षिणवाल्यांनी एखादी फौज पिटाळली की खालच्या आळीतले नदीकाठी फटाके उडवत. ज्या सेनापतीचं नाव नीट घेता येत नव्हतं, त्याच्यासाठी धानोरीत दोन्ही आळींनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

हे नुसतं हसण्यावारी गेलं असतं, पण पोळा आला.

पोळ्याच्या दिवशी गावाबाहेर तोरण बांधतात, त्याखालून बैलजोड्या निघतात आणि जी जोडी पहिली जाते ती मानाची. धानोरीत तो मान पिढ्यान्‌पिढ्या भगवंतरावांच्या घराचा. पण महादेवरावांनी कापसाच्या पैशानं अशी जोडी आणली होती की शिंगांना चांदीच्या शेंब्या आणि पाठीवर मखमलीची झूल. “आजा एक, तर मान एकाचाच काहून?” हा सवाल त्यांच्या पोटात आधीपासून होता, सहदेवच्या अमेरिकेनं त्याला हातपाय दिले. त्या पोळ्याला दोन्ही जोड्या एकदम तोरणाकडं धावल्या, काठ्या चालल्या, आणि महादेवरावांची जोडी धरणाऱ्या गड्याचं कोपर असं मोडलं की तो पुन्हा कासरा धरू शकला नाही.

मग पासष्टचा उन्हाळा आला. एके संध्याकाळी सहदेवनं वाचलं की दक्षिणवाल्यांनी शस्त्रं खाली ठेवली. वरच्या आळीनं गुलाल उधळला. ढोल आला. भगवंतरावांनी स्वतः सहदेवच्या डोक्याला गुलाल लावला आणि म्हणाले, “वाच मास्तर, आनखी वाच!”

सहदेवनं पान उलटलं. मागच्या बाजूला मुंबईचे भाव होते. त्यानं ते हळू आवाजात वाचले. कापूस निम्म्यावर आला होता, आणि अजून खाली जाईल असं लिहिलं होतं.

ढोल आपोआप थांबला. कपाळभर गुलाल घेऊन माणसं एकमेकांकडं बघत राहिली. नत्थुजी म्हणाला, “सहदेवा, हा गुलाल लग्नाचा समजू का मयताचा, तेवढं सांगून ठेव बापा.”

सहदेव घरी गेला आणि हौदावर तोंड धूत बराच वेळ बसला. वर्षभर सगळ्या गावानं देवाकडं काय मागितलं होतं, याचा त्यानं तेव्हा पहिल्यांदा विचार केला. तिकडं माणसं मरत राहावीत, एवढंच तर मागितलं होतं. नारळ फोडणाऱ्यांत तोही होता. अमरावतीच्या आडत्यांच्या हाती पैसा खेळायचा, म्हणून त्याची वांगीसुद्धा दुप्पट दरानं जायची.

महादेवरावांचं मात्र दुहेरी नुकसान झालं. कापूस पडला तो पडला, वर लढाईतही हरले, जी त्यांनी कधी लढलीच नव्हती. आता पोळ्याचा मान सोडला तर तोंड दाखवायला जागा नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. आणि यंदा जोडी धरायला त्यांनी नवा माणूस नेमला: किसन.

किसन हा त्यांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीनं राबणारा गडी. अंगानं आडमाप, स्वभावानं गरीब. ना वावर, ना बैल. सालदाराला ‘नाही’ म्हणायचं तोंड अक्षय्यतृतीयेला एकदा मिळतं. साल ठरलं की ते तोंड मालकाच्या घरी गहाण. आणि हा किसन सहदेवच्या धाकट्या बहिणीचा, वच्छलाचा नवरा.

श्रावणात एक दिवस वच्छला मळ्यात आली. सहदेव मिरच्यांना पाणी देत होता. तिनं पाटाचं दार आपल्या पायानं बंद केलं.

“दादा, पानी मंग दे. आधी मले सांग, हे तू काय लावून ठेवलं?”

“म्या काय केलं?”

“आता ‘म्या काय केलं’ म्हंते! उत्तर कोनं म्हनलं? दक्षिण कोनं म्हनलं? वरच्या आळीत वीस जन काठीले तेल लावून राहिले. मागल्या खेपी कोपर मोडलं. यंदा म्हंतेत, डोकंच. अन् डोकं कोनाचं? महादेवरावाचं नाई, माह्या मानसाचं.”

“किसनले सांग, बिमार पड म्हना त्या दिवशी.”

“सालदार कधी बिमार पडते का रे? तुले शाळेत हे नाई शिकवलं?”

वच्छलानं पदर खोचला. “तू तोंडानं लावलं, तोंडानंच काढ. तुले दुसरं येते तरी काय?”

बहिणीनं केलेला अपमान इतका खरा होता की त्याला राग धरता आला नाही.

त्यानं घरातला जुन्या अंकांचा गठ्ठा सोडला. अमेरिकेतल्या तटांची मुळापासूनची हकीकत एका अंकात आली होती, हे त्याला आठवत होतं. त्यानं ती चार वेळा वाचली. मळ्यात, जेवताना, एकदा तर न्हाताना. त्यात एक गोष्ट होती, जी पहिल्या वाचनात त्याच्या डोळ्यांखालून निसटली होती. ती हाती लागल्यावर त्याला झोप लागेना, आणि ती खरीच तशी आहे ना हे बघायला तो सकाळी पुन्हा वाचू लागला.

दुसऱ्या दिवशी पारावर तो म्हणाला, “आज खबर नाई. आज जे झालं नाई ते सांगतो.”

“झालं तेच इतलं महाग पडलं,” नत्थुजी म्हणाला, “न झालेलं फुकट देशीन का?”

“फुकट.”

“मंग बसा रे सारे.”

सहदेवनं सांगितलं ते असं. अमेरिका इंग्रजापासून सुटली तेव्हा तिथं तट नव्हतेच. पहिला मुख्य माणूस पायउतार होताना बजावून गेला की बाबांनो, तट पाडू नका. त्याची पाठ फिरायच्या आधीच दोन पडले होते. एक खजिन्याचा आणि शहरांचा, एक वावरांचा आणि प्रांतांचा. पण सुरुवातीला एक नियम होता. ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो मुख्य. त्याच्या खालोखाल ज्याला, तो दुय्यम.

“म्हंजे हरला तो बी घरात?” कोणीतरी विचारलं.

“घरात. त्याच गादीच्या शेजारी. एकदा खरंच तसं झालं. मुख्य एका तटाचा, दुय्यम दुसऱ्या.”

“मंग दुय्यमानं मुख्याले जहर देल्लं असन!”

“नाई देल्लं. चार वर्षं एकमेकांशी धड बोलले नाईत, पन डोकं नाई फुटलं. मंग पुढच्या खेपी एकाच तटाच्या दोघांले सारखी मतं पडली. छत्तीस वेळा मोजनी झाली. लोक इतके वैतागले की नियमच बदलला. तवापासून ज्याचा तट त्याची पुरी जोडी. मुख्यबी त्याचा, दुय्यमबी त्याचा. हरला तो घराबाहेर. बाहेर बसून बसून एक तट मेला, दुसरा उभा राह्यला, तो फुटला, अन् फुटता फुटता साऱ्या उत्तरेचा एक झाला अन् साऱ्या दक्षिणेचा एक. मंग लढाई.”

“अन् न झालेलं कोनतं?”

“तो नियम बदललाच नसता तर.”

मग तीन संध्याकाळी सहदेवनं एक दुसरीच अमेरिका सांगितली. तिथं दर खेपेला हरलेल्याला जिंकलेल्याच्या शेजारी बसवावंच लागतं. जिंकणारा जपून बोलतो, कारण ऐकणारा घरातच आहे. हरणारा काठी उचलत नाही, कारण अर्धं घर त्याचंही आहे. उत्तरेचा मुख्य आला की दक्षिणेचा दुय्यम, पुढच्या खेपी उलट. दोन पिढ्यांत दोन्ही तटांत दोन्हीकडची माणसं, सोयरिका आडव्यातिडव्या. कोणी कोणाला नुसतं उत्तरवाला म्हणू शकत नाही, कारण त्याचा मेहुणा दक्षिणेचा. सांगता सांगता सहदेवला ती अमेरिका इतकी आवडली की मुनिमानं आणखी खरी खबर देऊ नये असं त्याला वाटू लागलं.

“सासू-सून एका चुलीवर,” नत्थुजी म्हणाला. “भाकरी करपन, पन घर नाई जळनार.”

तिसऱ्या दिवशी दोन्ही पाटील आले. पाराच्या दोन टोकांना बसले. महादेवरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मास्तर, तुह्या ह्या अमेरिकेत लढाई नाई.”

“नाई जी.”

“लढाई नाई तर कापसाले भाव नाई. भाव नाई तर माह्या बैलाच्या शिंगाले चांदी नाई.”

“नाई जी.”

“मंग काय कामाची तुही अमेरिका?”

सहदेव म्हणाला, “पाटील, चांदी शिंगाले हाय. भाव तर गेलाच. आता नुसत्या चांदीपायी आपन अठी त्यायची लढाई चालू ठेवून राहिलो. ते तिकडं थकून घरी गेले.”

भगवंतरावांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. शेवटी नत्थुजीच म्हणाला, थट्टेनंच म्हणाला, “मंग आपल्या पोळ्याले बी तसंच करा ना बापा. एक बैल वरचा, एक खालचा. मुख्य अन् दुय्यम!”

पार हसायला तयार झाला होता, पण दोन्ही पाटील हसले नाहीत, म्हणून तोही हसला नाही.

“उजवीकडं माहा राहीन,” भगवंतराव म्हणाले.

“काहून? उजवीकडं माहा!”

झालं. अर्ध्या घटकेत गाव पुन्हा अमेरिकेत निघालं. तेव्हा पाराखाली बसलेला किसन चाचरत म्हणाला, “पाटील, रागावू नका. आपला सर्जा जल्माचा उजवा हाय. डाव्या अंगाले धरला का लाथा झाडते. अन् वरचा लख्या डावाच चालते, रोज पाह्यतो मी. तुमी भांडून ठरवसान, पन बैल आयकनार नाई.”

बैलापुढं पाटलांचं चालेना. उरला कासरा. तो कोणाच्या हातात? इथं सहदेवनं, दोघांचे बैल एकत्र करायची वेळ आलीच तर म्हणून वच्छलानं आदल्या दिवशी पढवून ठेवलेलं बोलून टाकलं, जणू आत्ताच सुचलं. “दोन्ही कासरे किसनच्या हाती द्या. महादेवरावांचा सालदार हाय, पन तट त्याले नाई. तट कराले मानसाजोळ काई असा लागते. याच्याजोळ ना वावर, ना बैल.”

“माहा लख्या याच्या हाती?” भगवंतराव म्हणाले.

“दोघायचे बैल ज्याच्या हाती, त्याच्यावर काठी कोन उचलन, पाटील? बैल उधळले तर दोघायचाई मान जाईन.”

भगवंतरावांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. हो म्हणाले नाहीत. नाही म्हणाले नाहीत. पाटलाचं हो असंच असतं.

पोळ्याच्या दुपारी सारं गाव तोरणापाशी होतं. काठ्या होत्याच, तेल लावलेल्या काठ्या घरी ठेवून यायला कोणाचं मन होतं? वच्छला बायकांच्या घोळक्यात सर्वांत पुढं उभी होती आणि तिचं लक्ष बैलांकडं नव्हतं, फक्त काठ्यांकडं होतं. दोन्ही आळींत झडत्या सुरू झाल्या, म्हणजे एकमेकांना टोमणे मारणारी गाणी. त्यांत धार वाढत चालली तसा नत्थुजी मधे शिरला आणि म्हातारपणाच्या चिरक्या आवाजात म्हणाला:

“वर बी पाटील, खाली बी पाटील, मधात एक नाला,
दोघायचाई कापूस पडला, तवा उमज आला!”

हशा झाला, पण अर्धाच. किसन निघाला. उजव्या हातात सर्जा, डाव्या हातात लख्या. तोरणाच्या दहा पावलं अलीकडं लख्यानं मान फिरवली आणि सर्जाच्या शिंगाला शिंग लावलं. चांदीची शेंबी खणकन वाजली. वरच्या आळीतल्या दोघांनी काठ्या उचलल्या. खालच्या आळीतल्या चौघांनी. किसननं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तो दोन बैलांच्या मधे छाती घालून उभा राहिला आणि दोघांच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिला. काठ्या वरच राहिल्या. मारायचं कुठं? इकडून मारावं तर लख्याला लागतं, तिकडून मारावं तर सर्जाला. आणि मधे किसन.

मग लख्यानं फुर्र केलं आणि पाऊल टाकलं. सर्जानंही टाकलं. दोघं एका पावलानं तोरणाखालून गेले.

वच्छलानं तेव्हा पहिल्यांदा बैलांकडं बघितलं.

संध्याकाळी सहदेव मळ्यात होता. वरच्या आळीतून आणि खालच्या आळीतून, दोन्हीकडून पुरणाचं ताट आलं होतं. तो अनुभव नवीन असल्यामुळे त्यानं दोन्हीकडचं थोडं जास्तच खाल्लं होतं. किसन आला आणि बांधावर बसला.

“मास्तर, एक इचारू?”

“इचार ना, जवाईबापू.”

“तुह्या त्या दुसऱ्या अमेरिकेत लढाई झालीच नाई ना?”

“नाई.”

“दोन्ही पाटील एका गादीवर बसले.”

“बसले.”

“मंग ते इकत घेतलेले मानसं? खऱ्या अमेरिकेत लढाई झाली म्हनून सुटले, असं तूच वाचलं. तुह्यावालीत त्यायले कोनं सोडवलं?”

सहदेवनं तोंड उघडलं. त्या अमेरिकेत त्यानं सोयरिका लावल्या होत्या, मेहुणे वाटून दिले होते, गादीशेजारी गादी मांडली होती. कपाशीच्या शेतात मात्र तो एकदाही गेला नव्हता.

“सुटले असतीन,” तो म्हणाला. “हळूहळू.”

“हां,” किसन म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, तेच सहदेवला जड गेलं. “नाई, आज बोजाऱ्यासाठी गेल्तो, म्हनून मनात आलं.”

बोजारा म्हणजे पोळ्याला बैल घेऊन दारी येणाऱ्या गड्याला मालक देतो ती ओवाळणी. किसन दोन्ही दारांत गेला होता. भगवंतराव म्हणाले होते, सालदार महादेवचा, महादेव देईल. महादेवराव म्हणाले होते, यंदा मान भगवंतदादाच्या बैलाला बरोबरीनं मिळाला, पहिला हात दादाचा.

“भांडन होतं तवा गड्याले आठ आने भेटत,” किसन म्हणाला, “अन् वरच्यापेक्षा आपला हात मोठा दिसावा म्हनून वर एक चवली.”

दुसऱ्या दिवशी सहदेव स्वतः गेला. आधी वरच्या आळीत. भगवंतरावांनी त्याला बसवलं, पान दिलं, आणि म्हणाले, “आरे, देऊन टाकू ना. पन म्या एकट्यानं देल्ला तर महादेवाले वाटन, मोठेपना करते. त्याले इचारून घे.”

सहदेव नाला ओलांडून खालच्या आळीत गेला. महादेवराव सर्जाला वैरण घालत होते. त्यांनीही बसवलं. त्यांनीही पान दिलं.

“मास्तर,” ते म्हणाले, “आता दादाले इचारल्याबिगर मी काईच करत नाई.”